फॉल्सम प्रिझन ब्ल्यूज गिटारवर: तीन कॉर्ड्स आणि उजव्या हातातली ट्रेन

कंट्री गाणं गिटारवर शिकायचंय पण सुरुवात कुठून करू असं कोणी विचारलं की मी दरवेळी अमेरिकन गायक जॉनी कॅशचं फॉल्सम प्रिझन ब्ल्यूज सांगतो. कॉर्ड्स तीनच आहेत, ई, ए आणि बी सेव्हन, आणि दोन-तीन महिने गिटार हातात घेतलेल्या माणसाला त्या येतातच. तरी हे गाणं नीट वाजवणारे फार कमी भेटतात कारण सगळे डाव्या हाताकडे बघत बसतात आणि गाणं सगळं उजव्या हातात आहे. त्यामुळे या लेखात उजव्या हातावर जास्त वेळ घालवणारे, कॉर्ड्सचं पटकन उरकतो.

आधी गाण्याबद्दल थोडं, कारण हे माहीत असलं की वाजवताना काय करायचं ते आपोआप कळतं. कॅश अमेरिकन हवाई दलात होता, पश्चिम जर्मनीत लँड्सबर्गला पोस्टिंग होतं, तिथे त्याने कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगावरचा १९५१ चा एक सिनेमा बघितला आणि त्यातून हे गाणं सुचलं. चाल आणि बरेचसे शब्द मात्र गॉर्डन जेन्किन्सच्या १९५३ च्या क्रेसेंट सिटी ब्ल्यूज या गाण्यावरून घेतलेले होते आणि त्याबद्दल कॅशला पुढे सत्तरच्या दशकात पैसे मोजावे लागले, हेही सांगायलाच हवं कारण मूळ माणसाचं नाव बरेचदा कोणी घेत नाही. रेकॉर्डिंग झालं मेम्फिसमध्ये सन स्टुडिओत, जुलै १९५५ मध्ये, स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्सच्या हाताखाली. आता महत्त्वाचं ऐका, तिथे ड्रम्स नव्हते. कॅश अकूस्टिक गिटारवर, लूथर पर्किन्स इलेक्ट्रिक गिटारवर, मार्शल ग्रँट डबल बेसवर, बस. लूथर आणि मार्शल दोघंही मूळचे गाड्यांचे मेकॅनिक. ड्रमर नाही म्हणजे ठेका गिटारलाच धरायचा आणि तोच तो प्रसिद्ध बूम-चिका-बूम-चिका, ट्रेनच्या चाकांसारखा. तुरुंगातला एक कैदी लांबून जाणाऱ्या ट्रेनचा आवाज ऐकतोय, ती ट्रेन म्हणजे तुमचा उजवा हात, आणि ती गाणं संपेपर्यंत थांबत नाही.

गिटार हातात घ्यायच्या आधी दोन रेकॉर्डिंग्ज ऐका. एक १९५५ चं सन रेकॉर्ड्सचं आणि दुसरं १३ जानेवारी १९६८ ला खुद्द फॉल्सम तुरुंगात कैद्यांसमोर झालेलं लाइव्ह. लाइव्हमध्ये तोवर ड्रम्स आलेले आहेत, वेग जास्त आहे आणि अंगावर येतं ते. (त्यात गाण्यातला कैदी रेनो शहरात केलेल्या खुनाबद्दल सांगतो त्या ओळीनंतर जी आरोळी ऐकू येते ती नंतर स्टुडिओत टाकलेली आहे, प्रत्यक्ष कार्यक्रमात कैदी त्या ओळीला तसे ओरडले नव्हते, मला हे कळलं तेव्हा जरा वाईटच वाटलं होतं.) शिकायला मात्र १९५५ चं घ्या, त्यात प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं. पहिल्यांदा फक्त बेस ऐका, दुसऱ्यांदा फक्त लूथरची गिटार, तिसऱ्यांदा कॅशचा हात. तीन वेळा ऐकायला दहा मिनिटं पण लागत नाहीत आणि ही दहा मिनिटं आठवडाभराचा रियाज वाचवतात.

गिटार, तारा, पिक

स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार हवी. नायलॉनच्या तारांवर कॉर्ड्स वाजतील पण तो चिक असा कोरडा आवाज येत नाही. तारा लाइट घ्या, बारा किंवा अकराचा सेट (म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजाराव्या भागात बारा किंवा अकरा). पिक (तारा छेडायचा छोटा तुकडा) मध्यम जाडीचं, साधारण पाऊण मिलिमीटर, फार पातळ पिक घेतलं तर बेसची तार नुसती फडफडते. आणि तारा फ्रेटबोर्डपासून, म्हणजे दांड्यावर बोटं दाबतो त्या पट्टीपासून, किती उंच आहेत ते बघून घ्या, माझ्या पहिल्या गिटारच्या तारा इतक्या उंच होत्या की बी सेव्हन धरताना बोटं अक्षरशः दुखून यायची आणि जवळजवळ वर्षभर मी समजत होतो की माझ्या बोटांतच ताकद कमी आहे, मग एका गिटार दुरुस्त करणाऱ्याने ब्रिजवरची सॅडल, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, थोडी घासून दिली आणि त्याच दिवशी संध्याकाळी तीच कॉर्ड स्वच्छ वाजली. नवीन शिकणाऱ्याने हे आधी तपासावं असं मला फार वाटतं, गिटार सोडून देणाऱ्या कितीतरी लोकांचा दोष त्यांच्या गिटारचा असतो.

ट्युनिंग नेहमीचंच, जाड तारेपासून ई ए डी जी बी ई. मोबाइलवरचं ट्युनर ॲप चालेल. खाली मी सहावी तार म्हणेन ती सगळ्यात जाड आणि पहिली म्हणेन ती सगळ्यात बारीक. फ्रेट म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पट्ट्यांमधला कप्पा, डोक्याकडून मोजायचा. रेकॉर्डिंगसोबत वाजवून बघताना तुमचा ई थोडा खालचा वाटला तर कॅपो (सगळ्या तारा एकत्र दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लावा आणि तेच शेप, म्हणजे बोटांची तीच ठेवण, वाजवा. कानाने जुळवा, स्क्रीनवर काय लिहिलंय त्यावर जाऊ नका.

तीन कॉर्ड्स

ई: मधलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, तर्जनी तिसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला. सहाही तारा वाजतात.

ए: चौथी, तिसरी आणि दुसरी तार, तिन्ही दुसऱ्या फ्रेटला. पाचवी तार मोकळी, तोच या कॉर्डचा मूळ सूर.

बी सेव्हन: मधलं बोट पाचव्या तारेवर दुसरा फ्रेट, तर्जनी चौथ्या तारेवर पहिला फ्रेट, अनामिका तिसऱ्या तारेवर दुसरा फ्रेट, दुसरी तार मोकळी, करंगळी पहिल्या तारेवर दुसरा फ्रेट. सगळ्यांचं अडतं ते इथे, करंगळीपाशी. पहिल्या आठवड्यात करंगळी लावू नका आणि पहिली तार वाजवूच नका, चालतं, कोणाला कळतही नाही.

ई वरून बी सेव्हनला जाताना एक गोष्ट लक्षात घ्या, मधलं बोट दोन्ही कॉर्ड्समध्ये त्याच जागी आहे. ते उचलायचंच नाही. बाकीची बोटं त्याच्याभोवती फिरवायची. हे एकदा बसलं की बदलायला वेळच लागत नाही.

आता उजवा हात

डावा हात पूर्ण विसरा. ई धरून ठेवा आणि पुढचे तीन-चार दिवस ई सोडून काही वाजवू नका, हे मी मनापासून सांगतोय, कंटाळा येईल पण गाणं इथेच तयार होतं.

बूम म्हणजे एक बेसची तार, एकटी. चि म्हणजे खालच्या तीन बारीक तारांवर खाली जाणारा झटका. का म्हणजे त्याच तारांवरून वर येताना हलकासा स्पर्श. बूम-चि-का, ही एक जोडी. बूम आणि चि यांच्यात जेवढं अंतर तेवढंच अंतर चि आणि पुढच्या बूममध्ये, आणि का मधल्या फटीत बसतो. तोंडाने म्हणा आधी, हात मांडीवर मारून, तबला शिकणारी मुलं बोल म्हणतात ना आधी, अगदी तसंच, तोंडाला आलं की हाताला येतं.

पहिली पायरी, का सोडून द्या. फक्त बूम, चिक, बूम, चिक. बूमला सहावी तार मोकळी. चिकला खालच्या तीन तारा. मेट्रोनोम (ठरलेल्या वेगाने टिक-टिक करणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ८० वर ठेवा, एका टिकला बूम आणि पुढच्या टिकला चिक. पाच मिनिटं न थांबता. चुकलात तरी थांबायचं नाही, ट्रेन थांबत नाही.

दुसरी पायरी, बेस बदलायचा. पहिल्या बूमला सहावी तार मोकळी, दुसऱ्या बूमला पाचवी तार, जिथे तुमचं मधलं बोट आधीच आहे. सहावी चिक पाचवी चिक, सहावी चिक पाचवी चिक. इथे पिक चुकून दुसऱ्याच तारेवर पडतं, सगळ्यांचं पडतं. त्यावर उपाय असा की बूम वाजवल्यावर पिक लगेच उचलायचं नाही, खालच्या तारेवर टेकून क्षणभर विसावू द्यायचं आणि तिथूनच चिकसाठी निघायचं. त्यामुळे बेस जाडही वाजतो आणि हाताला जागा कळते.

तिसरी पायरी, हाताचा पंजा. तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजला अगदी लागून, तारा जिथून सुरू होतात तिथे हलकेच टेकवा. बेसचा सूर लांबत राहायच्या ऐवजी ठप्प असा वाजला पाहिजे. जास्त पुढे टेकवलात तर तार मेल्यासारखी वाजते, मागे राहिलात तर काहीच फरक पडत नाही, दोन-तीन मिलिमीटरचा खेळ आहे हा. लूथर पर्किन्सच्या त्या आवाजाचं रहस्य बरचसं याच पंजात होतं. तो फार वेगात वाजवणारा नव्हता, थोडे सूर, जाड तारांवर, दाबून, आणि लयीत पक्का. त्याच्यापेक्षा दहापट वेगाने वाजवणारे गिटारिस्ट नॅशव्हिलमध्ये तेव्हाही होते पण त्याचे चार सूर ऐकले की जगात कुठेही माणूस गाणं ओळखतो. मला या गाण्यातलं सगळ्यात आवडतं ते हेच.

चौथी पायरी, आता का आणा. खूप हलका, एक-दोन तारांना लागला तरी पुरे. नवीन माणूस का जोरात मारतो आणि मग सगळं स्ट्रमिंग होऊन जातं, ट्रेन दिसेनाशी होते. बूम सगळ्यात मोठा, चि त्याच्या निम्मा, का जेमतेम ऐकू येईल एवढा.

हे सगळं मनगटातून. कोपर हलत असेल तर आरशासमोर बसा. वेग वाढला की कोपरातून वाजवणारा दोन मिनिटांत दमतो, आणि गाणं तर जवळजवळ तीन मिनिटांचं आहे.

मेट्रोनोम दर दिवशी पाच-पाचने वाढवा. दोनशेच्या आसपास पोचलात की, म्हणजे बूम-चिकच्या पूर्ण जोड्या मिनिटाला साधारण शंभर, मूळ गाण्याच्या जवळ आलात. टिक-टिक फार भरभर वाटली तर मेट्रोनोम १०० वर ठेवून फक्त बूमला टिक घ्या.

ए आणि बी सेव्हनचे बेस: ए मध्ये पहिला बूम पाचवी मोकळी, दुसरा बूम सहावी मोकळी. बी सेव्हनमध्ये पहिला बूम पाचवी तार दुसरा फ्रेट, आणि दुसऱ्या बूमला तेच मधलं बोट उचलून सहाव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मग परत पाचवीवर, असं मागेपुढे. हे बोट हलवणं सुरुवातीला जड जातं, तोपर्यंत दोन्ही बूम पाचवीवरच वाजवा. ए मध्ये बेसला सहावी तार चालते पण चिकमध्ये जाड तारा येऊ देऊ नका.

गाण्याची मांडणी

बारा घरांचा ब्ल्यूजचा साचा आहे. एका घरात चार जोड्या, म्हणजे चार वेळा बूम-चिका. पहिली चार घरं ई, यात पहिल्या दोन ओळी येतात, ट्रेनचा आवाज येतो आणि किती दिवस ऊन बघितलं नाही तो भाग. मग दोन घरं ए, दोन घरं ई, दोन घरं बी सेव्हन, आणि शेवटची दोन घरं परत ई. प्रत्येक कडवं असंच, मधला गिटारचा सोलोसुद्धा याच बारा घरांवर. एकदा हा साचा पाठ झाला की पूर्ण गाणं पाठ झालं.

एक सूचना मात्र. रेकॉर्डिंगसोबत मोजायला बसलात तर दरवेळी बारा घरं तंतोतंत मिळतीलच असं नाही, ओळ संपल्यावर कॅश कधी लवकर पुढे जातो कधी थोडा जास्त थांबतो आणि बाकीचे त्याच्या मागे जातात. आपल्याकडे भजनी मंडळात बुवांनी ओळ परत घेतली की पखवाजवाला बरोबर सांभाळून घेतो तसं. म्हणून आधी मोजून शिका आणि नंतर मोजणं सोडून आवाजाच्या मागे जायला शिका.

चौथ्या घरात ए यायच्या आधी ई ची अनामिका उचला, चौथी तार मोकळी झाली की ई सेव्हन होतो. छोटीशी गोष्ट आहे पण कानाला लगेच कळतं की आता काहीतरी बदलणारे.

बेसचे जिने

कॉर्ड बदलताना नुसती उडी न मारता बेसच्या तारेवर चालत जायचं, कंट्री गिटारची खरी गंमत यात आहे. ई वरून ए ला जाताना सहावी तार मोकळी, मग दुसरा फ्रेट, मग चौथा फ्रेट, आणि मग पाचवी मोकळी म्हणजे ए. हे बसवायचं कुठे, तर ई च्या शेवटच्या घरातल्या शेवटच्या जोडीत. तिसरी जोडी नेहमीसारखी पण बूमला सहावी मोकळी, चौथ्या जोडीत बूमच्या जागी दुसरा फ्रेट आणि चिकच्या जागी चौथा फ्रेट, आणि पुढच्या घराच्या पहिल्या बूमला बरोबर ए. उलटं येताना, ए वरून ई ला, चौथा फ्रेट, दुसरा फ्रेट, मोकळी. ई वरून बी सेव्हनला पाचवी मोकळी, पहिला फ्रेट, आणि दुसऱ्या फ्रेटला बी सेव्हन.

गडबड होते ती एकाच ठिकाणी, जिना चढताना वेग वाढतो. प्रत्येकाचा वाढतो. म्हणून जिने वेगळे काढून, मेट्रोनोम परत ८० वर आणून, फक्त शेवटचं एक घर आणि पुढच्या घराचा पहिला बूम एवढंच वीस वेळा करा. पूर्ण गाणं वाजवत बसून ही चूक सुटत नाही.

सुरुवात कशी करायची तर लूथरची मूळ सुरावट नंतर कानाने काढा, तोपर्यंत माझी सोपी पद्धत: पाचवी तार मोकळी, पहिला फ्रेट, दुसरा फ्रेट, मग बी सेव्हनवर एक घर, मग ई वर दोन घरं, आणि गायला सुरुवात. दोघं जण असाल तर फारच छान, एकाने हे सगळं वाजवायचं आणि दुसऱ्याने चिक न वाजवता फक्त बेसचे सूर पंजा टेकवून दाबून वाजवायचे, एवढ्यावरच घरात सन स्टुडिओ झाल्यासारखं वाटतं.

कागदाची युक्ती

ड्रम्स नव्हते तेव्हा कॅश गिटारच्या तारांत कागद अडकवायचा, त्याने तारांचा सूर कमी होऊन स्नेअर ड्रमसारखा खरखरीत आवाज यायचा. तुम्हीही करून बघा. जाडसर कागदाची बोटभर रुंद पट्टी दुमडून घ्या आणि तारांमधून एक तार वरून एक तार खालून अशी विणा, साउंडहोलच्या, म्हणजे गिटारच्या मधल्या भोकाच्या, ब्रिजकडच्या बाजूला. पिक जिथे लागतं तिथून जरा लांब. चिक एकदम कोरडा वाजतो आणि शेजारच्या खोलीत बसलेल्याला वाटतं कोणीतरी ब्रशने ड्रम वाजवतंय. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना रात्री रियाज करायला पण ही युक्ती उपयोगी आहे, आवाज बराच कमी होतो.

गाणं आणि वाजवणं एकत्र

दोन्ही एकत्र करताना हात थांबतो, याचा अर्थ हात अजून तयार नाही एवढाच. आधी वाजवताना कोणाशी तरी बोलून बघा, घरच्यांना काहीतरी विचारायला सांगा, उत्तर देताना बूम-चिका चालू राहिला की हात तयार झाला. मग शब्द नुसते बोला, चालीशिवाय. मग गुणगुणा. मग गा. ओळीतला जोराचा शब्द बूमवर येतो, पहिल्या ओळीत ट्रेन हा शब्द पकडा आणि तो बूमवर बसवा, पुढचं आपोआप येतं.

कॅशचा आवाज फार खालचा. ई मध्ये खालचे सूर लागत नसतील तर ओढूनताणून गाऊ नका, कॅपो तिसऱ्या फ्रेटवर लावा म्हणजे जी होईल, पाचव्यावर लावा म्हणजे ए होईल, शेप सगळे तेच. बऱ्याच बायकांना पाचवा फ्रेट सोयीचा पडतो. आणि आवाज जड करून कॅशची नक्कल करू नका, हा माणूस सरळ बोलल्यासारखा गातो, तुम्हीही तुमच्या आवाजात सरळ गा. कैद्याची गोष्ट आहे, त्याला पश्चात्ताप आहे आणि लांबून जाणाऱ्या ट्रेनमधले लोक मोकळे आहेत याचं दुःख आहे, ते शब्द समजून म्हटले की पुरतं.

रोजचा अर्धा तास असा वाटा: दहा मिनिटं नुसता ई वर उजवा हात, दहा मिनिटं एखादा जिना किंवा कॉर्डचा बदल, शेवटची दहा मिनिटं पूर्ण गाणं, चुकत का होईना न थांबता. चार ते सहा आठवड्यांत हळू वेगात पूर्ण गाणं वाजतं, मूळ वेगाला त्याहून जास्त वेळ लागतो आणि लागू दे. आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका, वाजवताना जो का बरोबर वाटतो तो ऐकताना किती मोठा वाजतोय ते तेव्हाच कळतं.

शेवट करताना शेवटचं कडवं संपलं की ई वरची दोन घरं तशीच वाजवा, वेग कमी करू नका, मग पाचवी मोकळी, पहिला फ्रेट, दुसरा फ्रेट, बी सेव्हनचा एकच झटका, आणि ई. तो शेवटचा ई सहाही तारांवर एकदाच वाजवा, पंजा उचलून घ्या, आणि तारा आपोआप शांत होईपर्यंत हात लावू नका.